पितळी केस, तांब्याच्या नळ्या आणि पाण्याचे कूलिंग: स्टीमपंक संगणक बांधण्याचा क्रम

वाफेच्या इंजिनांच्या काळातील यंत्रांचे रूप घेतलेली, पितळ, तांबे, साग आणि रिव्हेट यांनी घडवलेली संगणकाची केस कोल्हापुरात बांधणे अवघड नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथवाला, पत्राकाम करणारा, ब्रेझिंगवाला आणि बफिंगवाला हाकेच्या अंतरावर सापडतात आणि वखारीत चौकशी केली तर जुन्या घराचा मुरलेला सागही हाती लागतो. तरीही माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या अर्धवट पेट्या बहुधा एकाच कारणाने अडलेल्या असतात. आधी देखणी पेटी तयार होते, तिला पॉलिश होते, आणि मग रेडिएटर (पंख्याच्या हवेने पाणी गार करणारा भाग), पंप, टाकी आणि नळ्या तिच्यात कशाबशा बसवण्याचा प्रयत्न सुरू होतो. खरे तर पाण्याच्या मार्गाला आधी जागा द्यायची असते आणि पेटी त्याच्याभोवती उभी करायची असते. पुढील टप्पे त्याच क्रमाने लिहिले आहेत. तो क्रम मोडू नये, असा माझा आग्रह आहे.

टप्पा १: सुटे भाग हातात घेऊन मोजमाप

मदरबोर्ड, वीजपुरवठा, ग्राफिक्स कार्ड, त्यावर बसणारा वॉटर ब्लॉक (पाणी आतून वाहून उष्णता उचलणारा धातूचा ठोकळा), रेडिएटर, पंखे, पंप आणि टाकी हे सर्व घरात आल्याशिवाय पत्रा कापू नये. कागदावरची मापे कामाला दिशा देतात, पण ती पुरेशी नसतात. एटीएक्स मदरबोर्ड ३०५ × २४४ मिमी, मायक्रो एटीएक्स २४४ × २४४ मिमी आणि मिनी आयटीएक्स १७० × १७० मिमी असतो. नेहमीच्या एटीएक्स वीजपुरवठ्याची रुंदी १५० आणि उंची ८६ मिमी असते. लांबी मात्र मॉडेलप्रमाणे बदलते आणि मॉड्युलर केबलच्या वळणासाठी मागे आणखी ५० मिमी तरी सोडावे लागतात. ग्राफिक्स कार्ड त्याचा मूळ पंखा काढून, वॉटर ब्लॉक आणि त्यावरचे नळजोड बसवून मोजावे, कारण नळजोडांमुळे त्याचा आकार अनपेक्षित दिशेने वाढतो.

मदरबोर्डसाठी छिद्रे स्वतः आखण्याचा मोह टाळावा. भंगारात जुन्या संगणकाची पत्र्याची केस सहज मिळते. तिच्यातला मदरबोर्डचा ट्रे आणि मागची खिडकी (जिथून बोर्डाची सॉकेट बाहेर दिसतात ती) असलेला भाग अखंड कापून घ्यावा. त्या खिडकीचे माप १५८.७५ × ४४.४५ मिमी असते आणि कार्डांच्या खाचा एकमेकींपासून २०.३२ मिमी अंतरावर असतात. ही मापे हाताने अर्ध्या मिलिमीटरने जरी चुकली, तरी कार्ड स्लॉटमध्ये तिरके बसते. कारखान्यात ठोकलेला ट्रे आयता वापरला की हा सगळा धोका संपतो आणि पितळेमागे तो कोणाला दिसतही नाही.

टप्पा २: उष्णतेचा हिशेब

समजा प्रोसेसर कमाल १५० वॅट आणि ग्राफिक्स कार्ड २५० वॅट उष्णता सोडते. एकूण ४०० वॅट झाले. पंखे मध्यम वेगाने फिरवायचे असतील, तर १२० मिमी पंख्याच्या एका भागामागे ८० ते १०० वॅट धरावेत. म्हणजे चार ते पाच पंख्यांचा रेडिएटर हवा. ३६० (तीन पंख्यांचा) आणि २४० (दोन पंख्यांचा) असे दोन घेतले, तर काम आरामात होते. एवढ्या रेडिएटरवर पाणी खोलीच्या हवेपेक्षा साधारण १० अंशांनी अधिक गरम राहते. एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालच्या खोलीत दुपारी ३५ अंश असतील, तर पाणी ४५ च्या आसपास जाईल. प्रचलित डी ५ पंपाला ६० अंशांपर्यंतचे पाणी चालते, त्यामुळे ही मर्यादा सुरक्षित आहे. पण एकच २४० चा रेडिएटर लावून पेटी सुटसुटीत करणाऱ्याला पहिल्याच उन्हाळ्यात पंखे पूर्ण वेगाने ओरडताना ऐकावे लागतात.

पाणी आधी प्रोसेसरकडे न्यावे की ग्राफिक्स कार्डकडे, या प्रश्नावर लोक विनाकारण अडून बसतात. तासाला २०० लिटर प्रवाह असेल, तर ४०० वॅट उष्णता घेऊनही पाणी एका फेरीत पावणेदोन अंशांपेक्षा कमीच तापते. म्हणून नळ्यांचा मार्ग जिथे सरळ आणि देखणा होईल, तो क्रम निवडावा. फक्त एक क्रम अटळ आहे: टाकीचे पाणी स्वतःच्या वजनाने थेट पंपात उतरले पाहिजे.

सावधान: सजावटीची पितळी जाळी हवेचा गळा दाबते. जाळीचा निम्म्याहून अधिक भाग मोकळा असावा आणि पंख्यासमोर सलग पत्रा येत असेल, तर मध्ये किमान २० मिमी अंतर ठेवावे.

टप्पा ३: खरेदी, आणि तिथल्या तीन फसगती

पहिली फसगत आट्यांची. संगणकाच्या वॉटर ब्लॉकला, रेडिएटरला आणि टाकीला जी १/४ नावाचे समांतर आटे असतात: इंचाला १९ आटे, बाहेरचा व्यास १३.१६ मिमी, आणि पाणी अडवण्याचे काम आट्यांचे नसून बुडाशी बसणाऱ्या रबरी ओ-रिंगचे. हवेच्या लाइनच्या आणि प्लंबिंगच्या दुकानात ‘पाव इंची’ म्हणून जे मिळते ते पुष्कळदा निमुळत्या आट्यांचे असते. त्याचेही आटे इंचाला १९ च असल्यामुळे ते पहिले दोन-तीन फेरे हौसेने आत जाते आणि मग पाचरीसारखे अडकते.

माझ्या पहिल्या बांधणीत मी हेच केले. दुकानदाराने चकचकीत पितळी जोड समोर ठेवला, तो ॲक्रिलिकच्या टाकीत घट्ट बसला आणि मी निर्धास्त झोपलो. सकाळी टाकीच्या तोंडापासून खाली केसासारखी एक रेघ उतरलेली होती. तिच्यावर नख फिरवले तर काही लागत नव्हते. पण दिव्यासमोर धरताच ती आरपार चमकली, आणि तिच्या टोकाशी पाण्याचा एक थेंब स्वस्थ लटकत होता. खालचा कागद ओला होता. बोर्ड अजून बसवलेला नव्हता म्हणून नुकसान टाकीपुरते राहिले. तेव्हापासून प्रत्येक जोडाच्या पहिल्या आणि शेवटच्या आट्याचा व्यास व्हर्नियरने मोजून, दोन्ही सारखे असतील तरच तो घेतो.

दुसरी फसगत ॲल्युमिनिअमची. एकाच पाण्यात तांबे आणि ॲल्युमिनिअम एकत्र आले की ॲल्युमिनिअम झिजते, त्याचा पांढरट गाळ होतो आणि तो ब्लॉकच्या केसाएवढ्या बारीक खाचांत जाऊन बसतो. स्वस्तातले अनेक रेडिएटर आणि ब्लॉक ॲल्युमिनिअमचे असतात. लोहचुंबक या दोन्ही धातूंना चिकटत नाही, म्हणून चुंबकाची कसोटी इथे निरुपयोगी आहे. वजन करावे, आणि पाणी वाहणारा भाग तांब्या-पितळेचा असल्याचे पेटीवर स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्यावे. बाहेरचे पंख (हवेला लागणाऱ्या पातळ पट्ट्या) किंवा चौकट ॲल्युमिनिअमची असली तर चालते, कारण तिला पाणी लागत नाही. क्रोमचा मुलामा दिलेले जस्ताचे ओतीव जोड मात्र पाण्यात नकोतच.

तिसरी फसगत नळीच्या व्यासाची. एसीच्या सामानाच्या दुकानात तांब्याची नळी इंचात मिळते. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, आणि संगणकाचे कडक नळीचे जोड १२ किंवा १४ मिमीचे असतात. ०.७ मिमी कानसून काढू, असे म्हणणाऱ्याची नळी गोल राहत नाही आणि ओ-रिंग एका बाजूने दबते, दुसऱ्या बाजूने सुटते. रुग्णालयांच्या ऑक्सिजनच्या लाइनसाठी लागणारी तांब्याची नळी १२ मिमी बाह्य व्यासात मिळते. सरळ तुकड्यांत येणारी आणि आतून स्वच्छ असलेली ही नळी या कामाला फार चांगली. जोडही मग १२ मिमीचेच मागवावेत.

तपासणी: प्रत्येक जोडात नळीचा छोटा तुकडा हाताने घालून पाहावा. ओ-रिंगचा किंचित विरोध जाणवून तो आत गेला पाहिजे; हातोडीची गरज पडली किंवा तो सैल फिरला, तर माप चुकलेले आहे.

टप्पा ४: पुठ्ठ्याची पेटी

फ्रीजच्या खोक्याचा जाड पुठ्ठा घेऊन पूर्ण आकाराची पेटी करावी आणि खरे भाग तिच्यात ठेवावेत. रेडिएटरची जाडी साधारण ३० मिमी आणि पंख्याची २५ मिमी, म्हणजे ५५ मिमी तिथेच गेले. त्यापुढे हात आणि पाना शिरायला जागा लागते. टाकीचे भरण्याचे तोंड हा सर्वांत उंच बिंदू आणि निचऱ्याची तोटी हा सर्वांत खालचा बिंदू असला पाहिजे. निचऱ्याची तोटी विसरलेल्या पेट्या मी इतक्या पाहिल्या आहेत की, आता कोणी आराखडा दाखवला तर मी आधी तीच शोधतो. ती नसेल, तर पाणी बदलताना वीस-पंचवीस किलोंची पेटी उलटी करावी लागते.

पुठ्ठ्यातच नळ्यांचा मार्ग आखून घ्यावा. घरात वायरिंगची जाड तांब्याची तार असेल तर ती प्रत्येक मार्गाप्रमाणे वाकवावी आणि तिच्यावर चिठ्ठी बांधून जपून ठेवावी. नळी वाकवताना हीच तार नमुना म्हणून समोर राहते. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिप्पट, म्हणजे १२ मिमी नळीला ३६ मिमी धरावी आणि वळण संपल्यावर जोडात शिरण्यापूर्वी किमान ३० मिमी सरळ भाग ठेवावा. हे दोन आकडे जिथे बसत नाहीत, तिथे काटकोनी जोड वापरायचा किंवा भागाची जागा बदलायची. हा बदल पुठ्ठ्यात पाच मिनिटांत होतो, पितळेत पाच दिवसांत.

टप्पा ५: सांगाडा, पत्रा आणि लाकूड

संपूर्ण पेटी जाड पितळेची करू नये. ५०० × ४०० मिमीचा १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमी जाडीचा एक पितळी पत्रा दोन किलो भरतो; सहा बाजू, काच, रेडिएटर आणि पाणी धरले तर पेटी एकट्याने उचलवत नाही. सांगाडा २० मिमी चौकोनी लोखंडी नळीचा करावा आणि त्यावर २२ गेजचा, ०.७ मिमीचा पितळी पत्रा चढवावा. दिसायला फरक पडत नाही, पत्र्याचे वजन मात्र सुमारे ४० टक्क्यांनी उतरते. वेल्डिंग झाल्यावर सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. दोन मिलिमीटरांहून अधिक फरक असेल, तर तेव्हाच ताणून घ्यावा. नंतर एकही बाजू नीट बसत नाही.

पंख्याची छिद्रे १०५ मिमीच्या चौकोनावर येतात, १४० मिमी पंखा असेल तर १२४.५ मिमीच्या. खूप छिद्रे किंवा नक्षीची जाळी हवी असेल, तर कापण्याचे काम फायबर लेझर असलेल्या जॉबवर्कवाल्याकडे द्यावे. पितळ प्रकाश परावर्तित करत असल्यामुळे ॲक्रिलिक-लाकूड कापणाऱ्या साध्या लेझरवर ते कापले जात नाही.

सावधान: पितळी पत्रा हातात धरून कधीही ड्रिल करू नये. ड्रिलचे टोक पत्रा पार करताना पितळेत एकदम रुतते आणि पत्रा पात्यासारखा गरकन फिरतो. खाली लाकडाची फळी, वर दुसरी फळी आणि दोन्हीवर शिकंजा असा बंदोबस्त करावा. उद्यमनगरातले जुने टर्नर पितळेसाठी ड्रिलची धार दगडावर किंचित सपाट करून घेतात. तेवढ्याने रुतणे थांबते.

आटे पाडायचे असतील, तर एम ३ साठी २.५ मिमी आणि एम ४ साठी ३.३ मिमी ड्रिल घ्यावे, पण ०.७ मिमी पत्र्यात आटे धरत नाहीत, तिथे मागून नट किंवा पितळी पट्टी द्यावी.

सागाची फळी दोन पावसाळे काढलेली असली, तरी आडव्या बाजूने फुगते. जून ते सप्टेंबरच्या कोल्हापूरच्या दमट हवेत हे फुगणे दिसून येते. म्हणून फळी चौकटीत घट्ट न बसवता दोन्ही कडांना दोन-दोन मिलिमीटर सोडावेत आणि स्क्रूची छिद्रे लांबट ठेवावीत. घट्ट बसवलेली फळी पितळी पत्र्याला बाहेर ढकलते आणि रिव्हेट उचकटतात.

शोभेचे रिव्हेट याच टप्प्यावर ठोकून घ्यावेत आणि प्रत्येकाची मागची बाजू पक्की केल्याची खात्री करावी. चालू बोर्डावर पडलेला एक पितळी रिव्हेट संगणक जाळायला पुरेसा असतो.

टप्पा ६: कोरडी जुळणी

नळ्या सोडून सर्व काही एकदा बसवावे: बोर्ड, कार्ड, रेडिएटर, पंखे, पंप, टाकी. इथे एक चूक सतत होते. पंपाखालचे रबर, टाकीमागचे चामडे, लाकडाखालची वॉशर असे पातळ थर ‘नंतर लावू’ म्हणून बाजूला ठेवले जातात. नळ्या त्यांच्याशिवाय मापल्या जातात, आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक थर दीड-दोन मिलिमीटर घेऊन येतो. कडक तांब्याची नळी दोन मिलिमीटरही माफ करत नाही. तेव्हा प्रत्येक थर आताच लावावा.

सावधान: रेडिएटरला पंखा लावण्याचा स्क्रू पंखा आणि वॉशर धरून मोजावा. तो तीन-चार मिलिमीटर जास्त लांब असला, तर पंखांच्या आत जाऊन पाण्याची चपटी नळी फोडतो, आणि असे भोक पुन्हा खात्रीने बुजवता येत नाही.

टप्पा ७: नळ्या वाकवणे

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. कडक नळी तशीच वाकवली, तर आतल्या बाजूने दुमडते. म्हणून वळणाचा भाग आधी तापवून मऊ करावा लागतो. सोनारकामाची किंवा ब्रेझिंगची ज्योत घेऊन फक्त वळणाचा भाग फिरवत तापवावा. हे काम उन्हात करू नये. भर उजेडात तांब्याची लाली दिसत नाही आणि नळी गरजेपेक्षा जास्त तापते. सावलीत पाहिले, तर तांबे आधी जांभळट होते, मग काळवंडते, आणि त्या काळ्यातून निखाऱ्यावर राख धरल्यासारखा मंद लाल रंग वर येतो. तो दिसला की ज्योत काढून घ्यावी. हवेत थंड केली काय आणि पाण्यात बुडवली काय, तांबे मऊच राहते. जोडात शिरणारी टोके मात्र तापवू नयेत. टोक मऊ झाले, तर जोड आवळताना ते लंबगोल होते आणि ओ-रिंग गळते.

थंड झाल्यावर नळीत चाळलेली, पूर्ण कोरडी बारीक वाळू ठोकून ठोकून भरावी, दोन्ही टोकांना लाकडी बुच मारावेत आणि १२ मिमीच्या बेंडरवर तारेचा नमुना शेजारी ठेवून सावकाश वाकवावी. एसीवाल्यांचा अर्ध्या इंचाचा बेंडर उधार मिळतो, पण त्याची खाच सैल असल्याने १२ मिमी नळी वळणावर चपटी होते. वाळू भरलेली नळी पुन्हा तापवू नये. वाळूत ओलावा असेल तर वाफेने बुच बंदुकीच्या गोळीसारखे उडते. पुन्हा तापवायची वेळ आलीच, तर आधी वाळू काढावी.

वळण झाल्यावर नळी दोन मिलिमीटर लांब ठेवून ट्यूब कटरने कापावी, जागेवर धरून पाहावी आणि मगच अंतिम माप घ्यावे. हॅक्सॉने कापलेले टोक सरळ राहत नाही. टोकाची आतली-बाहेरची कड काढून बाहेरून हलका उतार द्यावा आणि ६०० व नंतर १००० नंबरच्या पॉलिश पेपरने ते गुळगुळीत करावे. बोटाच्या पेराला जी कड टोचते ती ओ-रिंगला कापते.

तापवल्यामुळे नळीच्या आत काळे पापुद्रे धरतात आणि ते आत राहिले तर सरळ प्रोसेसरच्या ब्लॉकमध्ये जातात. किराणा दुकानातले सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, कोमट पाण्यात विरघळवून नळ्या त्यात बुडवून ठेवाव्यात, काळेपणा सुटल्यावर बाटलीच्या ब्रशने घासाव्यात, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने धुवाव्यात. वाळूचा कणही याच वेळी निघाला पाहिजे. पांढऱ्या कापडाचा बोळा तारेने आरपार ओढावा. तो स्वच्छ बाहेर येईपर्यंत काम संपलेले नाही.

तपासणी: प्रत्येक नळी दोन्ही जोडांत केवळ बोटांनी बसली पाहिजे. ओढून, ताणून बसवलेली नळी आज गळत नसली, तरी महिन्याभरात गळते. तांब्यातून वीज वाहते, त्यामुळे बोर्ड आणि ग्राफिक्स कार्डच्या कोणत्याही भागापासून ती १० मिमी तरी दूर असल्याची खात्री करावी.

टप्पा ८: डायल आणि दिवे

जुन्या बाजारात मिळणारा बॉयलरचा प्रेशर गेज पाण्याच्या मार्गात जोडू नये. तो दहा-दहा किलो दाबासाठी बनवलेला असतो आणि या मार्गातला दाब अर्ध्या किलोच्याही आत असतो. काटा हलत नाही, आणि गळतीची एक जागा तेवढी वाढते. गेज शोभेपुरता लावावा. काटा खरोखर हलावा असे वाटत असेल, तर जी १/४ आट्याचा तापमानाचा सेन्सर मार्गात बसवून त्याचे माप एका छोट्या मायक्रोकंट्रोलरने वाचावे आणि त्यावरून ५ व्होल्टचा काट्याचा व्होल्टमीटर चालवावा. तबकडीवर ० ते ५ ऐवजी २० ते ७० अंश छापून घ्यावेत. दिवे १२ व्होल्टचे एलईडी फिलामेंटचेच घ्यावेत. तारेचे दिवे पेटीतली उष्णता वाढवतात.

टप्पा ९: सर्व उलगडून पॉलिश, जुनेपणा आणि लाखेचा थर

आता सगळे पुन्हा सुटे करायचे आहे, आणि हीच गोष्ट करण्याचा कंटाळा अनेकांना नडतो. बफिंग, घासकाम, वाळूकागद यांपैकी काहीही इलेक्ट्रॉनिक भागांच्या खोलीत करू नये. पितळेचा कीस आणि स्टील वूलचे तंतू डोळ्यांना न दिसता बोर्डवर बसतात. पितळेला जुनाट छटा देण्यासाठी अमोनियाची वाफ वापरत असाल, तर ते काम मोकळ्या हवेत, झाकणाच्या डब्यात आणि हातमोजे घालून करावे. चिंच किंवा पितांबरीने उजळलेला पत्राही भरपूर पाण्याने धुवून पूर्ण वाळवावा, नाहीतर लाखेखाली हिरवे डाग उमटतात.

लाखेचा थर भर पावसाळ्यात देऊ नये. दमट हवेत तो वाळताना दुधाळ होतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामाला उत्तम. ट्रेचे आणि वीजपुरवठ्याचे स्क्रू जिथे टेकतात तिथे चिकटपट्टी लावून धातू उघडा ठेवावा. अर्थिंग तिथूनच मिळते.

सावधान: ॲक्रिलिकच्या टाकीला स्पिरिट, थिनर किंवा सॅनिटायझर लावू नये. त्यावर तडे जातात. साबणाचे पाणी पुरते.

टप्पा १०: रेडिएटर धुणे आणि अंतिम जुळणी

नव्या रेडिएटरमध्ये कारखान्यातल्या फ्लक्सचा (झाळताना लावलेल्या रसायनाचा) अंश असतो. तो गरम डिस्टिल्ड पाण्याने अर्धा भरून दोन्ही तोंडे बंद करावीत, जोरजोरात हलवावा आणि पाणी पांढऱ्या कापडातून गाळावे. तीन-चार वेळा केल्यावर कापडावर काही राहत नाही. मग अंतिम जुळणी करावी. जोडांना टेफ्लॉन टेप लावू नये. ओ-रिंग असताना तिची गरज नसते आणि तिचे तुकडे ब्लॉकमध्ये अडकतात. ओ-रिंगला पाण्याचे बोट लावावे, जोड हाताने पूर्ण फिरवावा आणि त्यानंतर जेमतेम पाव फेरा द्यावा.

टप्पा ११: गळतीची चाचणी

आधी हवा, मग पाणी. मापकासह मिळणारा हातपंप घेऊन पाण्याचा मार्ग ०.५ बार दाबावर बंद करावा आणि अर्धा तास काटा पाहावा. काटा उतरत असेल, तर एकेका जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडा शोधावा. मापक नसलेला सायकलचा पंप वापरू नये.

हवेची चाचणी उतरली, तरच पाणी. बोर्ड, प्रोसेसर आणि कार्ड यांच्या सर्व विजेच्या केबल काढाव्यात, फक्त पंप जोडावा. वीजपुरवठा बोर्डशिवाय सुरू करण्यासाठी २४ पिनच्या कनेक्टरमधील १६ क्रमांकाची पिन शेजारच्या काळ्या तारेच्या पिनशी जोडावी लागते. ती तार जुन्या केबलमध्ये हिरवी असते. नव्या केबल सगळ्या काळ्या असतात, म्हणून तयार जंपर घेणे बरे. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरची घडी ठेवावी.

पाणी डिस्टिल्डच हवे, आणि त्यात तांब्या-पितळेला चालणारे गंजरोधक व शेवाळरोधक मिसळलेले असावे. तयार मिश्रण मिळते. आरओचे पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतात. गॅरेजमध्ये बॅटरीचे पाणी मागताना बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड लिहिले आहे ना, हे वाचून घ्यावे; बॅटरीचे ॲसिडही तशाच बाटलीत मिळते. शेवाळ धरू नये म्हणून चांदीचा तुकडा टाकण्याचा सल्ला दिला जातो, आणि चांदीकामाच्या हुपरीजवळ राहणाऱ्याला तो मोहक वाटतो. परंतु ब्लॉकला निकेलचा मुलामा असेल, तर चांदी पाण्यात नको.

टाकी भरावी, पंप दोन-तीन सेकंद सुरू करून बंद करावा, पातळी उतरली की पुन्हा भरावे. टाकी रिकामी होऊन पंप कोरडा फिरला, तर त्याचे बेअरिंग जाते. सुरुवातीला नळ्यांतून खळखळ ऐकू येते. पेटी चारी बाजूंना हळूहळू कलती करत राहिले की ती विरत जाते. पंप २४ तास चालू ठेवावा आणि दर काही तासांनी कागद पाहावेत.

सावधान: डिस्टिल्ड पाणी वीज वाहत नाही, या भरवशावर बोर्ड चालू ठेवून चाचणी करू नये. धूळ आणि धातूचे कण मिसळले की ते वीज वाहू लागते. कुठेही पाणी सांडले तर मुख्य बटण बंद करावे, भाग सुटे करावेत आणि किमान दोन दिवस वाळवावेत.

टप्पा १२: पहिल्यांदा सुरू करणे

धातूची पेटी भिंतीच्या सॉकेटला जोडण्यापूर्वी त्या सॉकेटची अर्थिंग मल्टिमीटरने तपासावी. फेज आणि अर्थ यांच्यात सुमारे २३० व्होल्ट आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात पाच व्होल्टच्या आत दाखवले पाहिजे. पेठांमधल्या जुन्या घरांत तीन पिनचे सॉकेट असूनही तिसरी तार जोडलेली नसते. तिथे आधी इलेक्ट्रिशियन बोलवावा.

मग केबल जोडून संगणक सुरू करावा आणि सर्वप्रथम बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर) पंपाचा वेग आणि प्रोसेसरचे तापमान पाहावे. पंपाचा वेग शून्य दिसत असेल, तर लगेच बंद करून केबल तपासावी. सर्व ठीक असेल, तर तासभर पूर्ण भार देऊन पाण्याचे तापमान वहीत लिहावे, शेजारी त्या दिवशीचे खोलीचे तापमानही. पहिल्या आठवड्यात अडकलेली हवा सुटून टाकीची पातळी बोटभर उतरते; तेवढे पाणी वरून घालावे. त्यानंतरही पातळी उतरत राहिली, तर कुठेतरी झिरपत आहे असे समजून टिश्यू पुन्हा लावावेत. पाण्याचे मिश्रण वर्षातून एकदा निचऱ्याच्या तोटीतून काढून बदलावे. मे महिन्यात भार आणि खोलीचे तापमान तेवढेच असताना पाणी वहीतल्या आकड्यापेक्षा तीन-चार अंशांनी अधिक तापू लागले, तर बहुधा रेडिएटरच्या पंखांत धूळ बसलेली असते. ती मऊ ब्रशने, पंखे हाताने धरून ठेवून, आतून बाहेर काढावी.